गाणे डोक्यात बसले, तर गोळी कशाला?

"डॉक्टर, बाबांना झोपेची गोळी द्या. दिवसभर कसलंतरी इंग्रजी गाणं पुटपुटत असतात. रात्री दोनला उठून पुन्हा तेच. डोक्यावर परिणाम तर नसेल ना झाला?"

महिन्यापूर्वी एक गृहस्थ आपल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या वडिलांना घेऊन दवाखान्यात आले. वडील स्वतः डॉक्टर. १९६०च्या दशकात ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेत आपल्याकडचे कितीतरी डॉक्टर गेले, त्यांपैकी ते एक. पुढे गावी परतले. बाहेर पेशंटची रांग लागली होती. मी रक्तदाब पाहिला, गोळी लिहून दिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. गाणे कोणते, हे विचारलेसुद्धा नाही.

ही माझी चूक. आठ दिवसांनी पहाटे गोळीच्या गुंगीत ते न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडले. हाड मोडले नाही, एवढेच नशीब. त्या दिवशी मी खुर्ची जवळ ओढली आणि विचारले, "सर, गाणं तरी कुठलं?"

ते हसले. गाणे होते 'गुडनेस ग्रेशस मी'. १९६० साली पीटर सेलर्स आणि सोफिया लॉरेन यांनी गायिलेले हे विनोदी गाणे त्या वेळी ब्रिटनमध्ये घरोघरी पोचले होते. पुढे बीटल्समुळे जगप्रसिद्ध झालेले जॉर्ज मार्टिन हे त्याचे निर्माते. गाण्यात एक भारतीय डॉक्टर आहे आणि त्याच्यावर भाळलेली रुग्ण स्त्री आहे. ती जवळ आली की दोघांच्याही छातीत जी धडधड होते, तिचा ठेका म्हणजेच गाण्याचे ध्रुपद. सेलर्स इंग्रज; भारतीय उच्चारांची नक्कल करून त्याने हशा मिळवला. आज अशी नक्कल अनेकांना खटकते. १९९८मध्ये ब्रिटनमधील भारतीय वंशाच्या कलाकारांनी याच नावाची दूरदर्शन मालिका काढून ती थट्टा उलटवली, हेही सांगायला हवे.

"मी स्टेथोस्कोप घेऊन वॉर्डात शिरलो की कोपऱ्यातला कुणीतरी हेच गुणगुणायचा," सर सांगत होते. "कुणी प्रेमानं, कुणी खिजवायला. तेव्हा चीड यायची. घरी येऊन हिला सांगितलं की ही पोट धरून हसायची आणि स्वतःच म्हणायला लागायची. ही गेल्या वर्षी गेली. आता या घरात ते गाणं ओळखणारा मी एकटाच."

वाचकहो, हा वेडाचा प्रकार आहे का? मुळीच नाही. गाण्याचा तुकडा डोक्यात पुन्हा पुन्हा वाजत राहणे याला जर्मन भाषेत चक्क 'कानातला किडा' असे म्हणतात, आणि हा किडा तुम्हा-आम्हा सर्वांनाच चावतो. फिनलंडमध्ये बारा हजारांवर लोकांची पाहणी झाली, तेव्हा दहापैकी जवळजवळ नऊ जणांनी आठवड्यातून निदान एकदा असा अनुभव येतो असे सांगितले. ब्रिटनमध्ये तीन हजार लोकांना विचारून २०१६च्या सुमारास झालेल्या संशोधनात असे दिसले, की डोक्यात बसणाऱ्या चाली बहुधा जलद असतात, त्यांचा चढउतार ओळखीचा व सोपा असतो आणि मध्येच एखादी अनपेक्षित उडी असते.

विनोदी गाण्यांत हा सगळा मसाला ठासून भरलेला असतो. बर्नार्ड क्रिबिन्सचे १९६२चे 'राइट सेड फ्रेड' घ्या. काही हमाल एक अवजड वस्तू हलवायला जातात, ती हलत नाही आणि दर थोड्या वेळाने सगळे चहाला बसतात. कडवी बदलतात, ती आपण विसरतो. ध्रुपद तेवढे उरते, आणि शेवट न आठवलेला तो तुकडा बिचारा गोल गोल फिरत राहतो.

आता स्मरणरंजनाबद्दल. इंग्रजीतला 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द मुळात कवीने नव्हे, डॉक्टरी शिकणाऱ्याने घडवला. १६८८ साली योहानेस होफर या स्विस विद्यार्थ्याने घराच्या ओढीने खंगणाऱ्या माणसांच्या आजाराला हे नाव दिले. परदेशी फौजांतल्या स्विस शिपायांपुढे त्यांच्या गुराख्यांची धून वाजवायला बंदी होती, असे रूसोने १७६८च्या आपल्या संगीतकोशात नमूद केले आहे. धून ऐकली की शिपाई रडत, पळून जात! आज मात्र मत बदलले आहे. साउथॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, की जुन्या आठवणींत रमल्याने एकटेपणाची धार कमी होते आणि जगण्याला अर्थ आहे असे वाटू लागते. म्हणजे ज्याला आपण आजार समजत होतो, तो बऱ्याचदा शरीराने स्वतःच शोधलेला उतारा असतो.

तरीही काही गोष्टी तपासल्याच पाहिजेत. गाणे 'आत' वाजते की शेजारी रेडिओ लागल्यासारखे 'बाहेरून' ऐकू येते, हे विचारा. बाहेरून ऐकू येत असेल, तर आधी कान तपासा. ऐकू कमी येणाऱ्या वृद्धांमध्ये असे भास होतात आणि तेही वेडाचे लक्षण नव्हे. मात्र सोबत शुद्ध हरपणे, झटके, ओळखीची माणसे न ओळखणे किंवा रोजचे व्यवहार अडतील इतका त्रास असेल, तर तज्ज्ञाला दाखवा.

नुसता कंटाळा आला असेल, तर उपाय सोपे आहेत. गाणे एकदा शेवटपर्यंत ऐका. अर्धवट राहिलेली गोष्टच मनाला जास्त कुरतडते. शब्दकोडे सोडवा. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या २०१५च्या प्रयोगात च्युइंग गम चघळल्यावर हा त्रास कमी झाल्याचे आढळले, कारण जबडा गुंतला की मनातल्या मनात गाणे अवघड जाते. मात्र त्याऐवजी तंबाखू किंवा गुटखा चघळण्याचा परवाना मी दिला, असे कृपा करून कुणी समजू नये!

माझे म्हणणे एवढेच. घरातले म्हातारे माणूस काही गुणगुणत असेल, तर गोळी मागण्याआधी आणि आम्ही ती लिहिण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : "गाणं कुठलं?" उतारवयात झोपेच्या गोळीने तोल जातो, पडझड होते आणि मोडलेले खुब्याचे हाड माणसाला कायमचे अंथरुणाला खिळवू शकते. प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. मला तो आठ दिवस उशिरा सुचला.

सरांच्या मुलाने मोबाईलवर ते गाणे शोधून दिले. नातीने ऐकले, हसली आणि आता तीही गुणगुणते, अशी तक्रार घेऊन परवा चिरंजीव पुन्हा आले होते. सरांच्या डोक्यात गाणे अजून वाजतेच. गोळी मात्र बंद आहे.