मनमाडचा फलाट आणि खिशातला फोन

क्रांती चौकातून एक रस्ता पैठण गेटकडे जातो, म्हणजे मोबाइलच्या दुकानांकडे. दुसरा उस्मानपुऱ्यावरून रेल्वे स्थानकाकडे जातो. या धाग्यात मला हे दोन्ही रस्ते एकाच प्रश्नापाशी आणायचे आहेत. एका जाळ्यासाठी घडवलेली वस्तू दुसऱ्या जाळ्यात चालत नाही, हे कोण ठरवते? आणि त्या न जुळण्याची किंमत कोण मोजते? धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

सुरुवात दुकानापासून करू. १ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात फाइव्ह-जीचा प्रारंभ झाला, तेव्हा खोक्यावर ठळक अक्षरांत ‘5जी’ लिहिलेले फोन अनेकांच्या खिशात आधीपासूनच होते. तरीही त्यांतल्या कित्येकांना त्या दिवशी फाइव्ह-जी मिळाले नाही. एअरटेलने नवे जाळे आपल्या फोर-जीच्या खांद्यावर उभे केले होते. जिओने ते स्वतंत्र उभारले होते आणि त्यासाठी ७०० मेगाहर्ट्झसारखी वेगळी लहरपट्टीही विकत घेतली होती. फोनला ही पद्धत आणि तो बँड, दोन्ही ठाऊक असणे आवश्यक होते. काही फोनांत तो बँडच नव्हता. काहींत सर्व यंत्रणा होती, पण कंपनीने सॉफ्टवेअरमधली कडी काढलेली नव्हती. आयफोनधारकांसाठी ती डिसेंबर २०२२ मध्ये निघाली. ग्राहकाला दोन्ही वेळा एकच उत्तर ऐकू येते : ‘सपोर्ट नाही.’ पहिल्या बाबतीत वस्तू असमर्थ होती, दुसऱ्या बाबतीत ती समर्थ असूनही अडवलेली होती. हा भेद पुढे आपल्याला वारंवार लागणार आहे.

आता स्थानकाकडे. आपल्या शहरातून गेलेली रेल्वे ही निजामाच्या राज्यातील हैदराबाद–गोदावरी खोरे मार्गाची. १९००च्या सुमारास पूर्ण झालेला सुमारे ३९१ मैलांचा हा मार्ग मीटर गेजचा होता, म्हणजे दोन रुळांतले अंतर १,००० मिलिमीटर. तो मनमाडला जाऊन ब्रिटिश हिंदुस्थानातल्या जी.आय.पी. रेल्वेला भेटत असे आणि तिचे रूळ होते १,६७६ मिलिमीटरचे. भेट व्हायची ती फलाटावर. रुळांची कधीच होत नसे. मराठवाड्याचा कापूस मुंबईला जायचा असेल, तर मनमाडला एका डब्यातून उतरवून हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यात चढवावा लागे. प्रवाशाने आपली वळकटी उचलायची आणि गाडी बदलायची.

यात निजामाचा कावा शोधण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो. परकीय सैन्य झटकन आत येऊ नये म्हणून त्याने मुद्दाम वेगळे गेज ठेवले, असे सांगायला कथा छान आहे. पण पुरावे तिच्या बाजूने नाहीत. याच निजामाच्या राज्यातला वाडी–सिकंदराबाद मार्ग १८७४ मध्ये सुरू झाला, तो ब्रॉड गेजचा होता. मीटर गेजचा निर्णय १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या ब्रिटिश सरकारने घेतला आणि त्याचे कारण अगदी रूक्ष होते : स्वस्ताई. रूळ हलके, पूल अरुंद, खर्च कमी. त्याआधी डलहौसीच्या काळात, इंग्लंडमधल्या गेजांच्या भांडणाचा धडा डोळ्यांसमोर ठेवून, हिंदुस्थानभर एकच साडेपाच फुटी गेज असावे असे ठरले होते. अवघ्या वीस वर्षांत तो धडा काटकसरीपुढे हरला.

मला या प्रकरणात महत्त्वाचे वाटते ते हे की बचत एकाच्या खात्यात जमा झाली आणि खर्च दुसऱ्याच्या खात्यात पडला. रूळ टाकताना वाचलेला पैसा बांधणाऱ्याचा. मनमाडची हमाली, खोळंबा आणि मालाची नासधूस शेतकऱ्याची, व्यापाऱ्याची, प्रवाशाची, आणि तीही सुमारे नव्वद वर्षे. देशभर एकच गेज करण्याचे धोरण रेल्वेने १९९२ मध्ये हाती घेतले आणि आपल्या भागाला ब्रॉड गेज मिळाले ते त्याच दशकात. निर्णय घेणारे सर्वजण तोवर केव्हाच इतिहासजमा झाले होते.

रूळ हे एकच उदाहरण असते, तर मी हा धागा लिहिला नसता. निजामी राजवटीतला मराठवाडा हा न जुळणाऱ्या जाळ्यांचा प्रदेशच होता. नाणे वेगळे : इकडे हाली शिक्का, तिकडे इंग्रजांचा कलदार. सात हाली रुपयांना सहा कलदार असा हिशेब जुन्या माणसांच्या तोंडी असे. टपाल वेगळे : हैदराबाद राज्याची स्वतःची तिकिटे १८६९ पासून निघत, पण त्यांचा अंमल राज्याच्या सीमेपर्यंतच. सीमेवर जकात वसूल करणारे ‘करोडगिरी’ खाते वेगळे. येथे मात्र स्वस्ताई हे कारण नव्हते. नाणे आणि तिकीट ही सार्वभौमत्वाची निशाणी होती. ती न जुळणे हाच त्यांचा हेतू होता. सप्टेंबर १९४८ मध्ये राज्य भारतात विलीन झाले. १९५० मध्ये टपाल एक झाले, आणि हाली शिक्का त्या दशकात व्यवहारातून गेला. नाणे बदलायला दशक पुरले, रूळ बदलायला शतक लागत आले.

तेव्हा न जुळण्याची दोन कारणे आपल्या हाती आली : काटकसर आणि हद्द. मोबाइलच्या इतिहासात ही दोन्ही पुन्हा भेटतात.

१९८०च्या दशकात युरोपातल्या मोटारीतला फोन देशाची सीमा ओलांडताच मुका होत असे, कारण जवळजवळ प्रत्येक देशाची पद्धत निराळी होती. ७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगनमध्ये १३ देशांतल्या दूरसंचार संस्थांनी एका करारावर सह्या केल्या आणि जीएसएमचा पाया घातला गेला. तिच्यातली खरी क्रांती मला आवाजाच्या दर्जात दिसत नाही, ती सिमच्या त्या चिमुकल्या पत्रीत दिसते. तुमची ओळख एका वस्तूत आणि यंत्र दुसऱ्या वस्तूत, त्यामुळे यंत्र बदला, जाळे बदला, ओळख हलवता येते. भारताने १९९०च्या दशकात हीच पद्धत घेतली. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून सुखराम यांना दिल्लीला केलेला पहिला मोबाइल कॉल याच पद्धतीचा होता.

पण यंत्र खुले असले तरी नकाशा बंद होता. परवाने ‘सर्कल’वार दिले गेले. त्यातल्या महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा होता आणि मुंबई नव्हती! ज्या मुंबईसह महाराष्ट्रासाठी १०६ हुतात्मे झाले, ती मुंबई दूरसंचार खात्याच्या वहीत परका मुलूख होती. क्रांती चौकातला माणूस मंत्रालयात कामासाठी गेला, की त्याचा फोन ‘रोमिंग’वर. क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात आणि २० जानेवारी २०११ ला देशभर आली, पण सर्कलच्या कुंपणाच्या आतच. औरंगाबादचा क्रमांक मुंबईच्या सर्कलमध्ये हलवता येऊ लागला तो ३ जुलै २०१५ पासून. करोडगिरीचे नाके याहून फार वेगळे नव्हते.

आणि काटकसरीचे गेज? ते सीडीएमएच्या रूपाने आले. २००३च्या पावसाळ्यात रिलायन्सने सुरुवातीला केवळ ५०१ रुपये भरून हाती फोन देण्याची योजना आणली. ज्यांच्या घरी लँडलाइनही नव्हती त्यांच्या हाती मोबाइल आला, हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. मात्र त्या फोनात सिम नव्हते. क्रमांक यंत्रातच कोरलेला असे. फोन तुमचा, पण तो दुसऱ्या कुणाच्या जाळ्यात नेण्याची मुभा नाही. पुढे क्रमांक हलवण्याचा हक्क मिळाला तेव्हाही जीएसएमकडे जायचे तर नवा फोन घेणे भाग होते. २०१६-१७च्या सुमारास सीडीएमए जाळी मिटली आणि चालू स्थितीतले लाखमोलाचे नसले तरी कष्टाच्या पैशांचे ते फोन टेबलाच्या खणात गेले. २०१७ मध्ये आलेला जिओफोनही जिओच्याच सिमला बांधलेला होता. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेला, तिथल्या कंपनीने कुलूपबंद केलेला फोन इथे उघडून घेण्यासाठी झालेली धावपळही याच कुळातली.

‘बाजार हे सगळे आपोआप सोडवतो’ हे मत माझ्या पिढीत लोकप्रिय आहे. इतिहास मला तसे सांगत नाही. बाजाराने सीडीएमएचा प्रश्न सोडवला तो ग्राहकाचा फोन भंगारात काढून. सर्कलचे कुंपण उठले ते सरकारी आदेशाने, आणि युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना एकच चार्जर लागू झाला तोही कायद्याने. सक्तीमुळे नवनिर्मिती मरते, असा आक्षेप यावर घेतला जातो. त्यात तथ्य असते, तर जीएसएमनंतर जगात एकही नवा फोन निघायला नको होता.

आज या प्रश्नाची धार सर्वाधिक जाणवते ती बीएसएनएलच्या बाबतीत. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवल्यावर अनेकजण तिच्याकडे वळले. तिचे फोर-जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर उभे राहिले. ७०० ही लहर लांब जाते, भिंतीतून आत शिरते. खेड्यासाठी हीच योग्य. परंतु काही वर्षांपूर्वी भारतात विकल्या गेलेल्या अनेक फोनांत हा बँड, ज्याला बँड २८ म्हणतात, दिलेलाच नाही. त्या वेळी इथे तो कोणी वापरत नव्हते, मग कंपनीने त्याचा खर्च का करावा? पुन्हा तीच काटकसर. मराठवाड्यातल्या एखाद्या गावात, महिन्याचे शंभर रुपये वाचावेत म्हणून क्रमांक हलवणाऱ्या माणसाला घरात रेंज मिळत नाही, तेव्हा तो बीएसएनएलला दोष देतो किंवा स्वतःच्या नशिबाला. खोक्यावर त्याला हे कोणी सांगितलेले नसते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. खोक्यावर किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे, तसेच त्या फोनात कोणते बँड आहेत, तो एखाद्या कंपनीला बांधलेला आहे का, आणि असल्यास केव्हापर्यंत, हे ठळकपणे आणि राज्याच्या भाषेत छापणे बंधनकारक करावे. ग्राहकाने पूर्ण किंमत मोजलेल्या फोनावर कुलूप असूच नये. असमर्थ वस्तूला नियमाने समर्थ करता येत नाही, हे मान्य. पण समर्थ असून अडवलेल्या वस्तूची कडी काढण्यास कोणतेही तंत्रज्ञान लागत नाही. तोवर फोन विकत घेताना दुकानदाराला ‘फाइव्ह-जी आहे का?’ एवढेच विचारू नका. ‘बँड २८ आणि एन-७८ आहेत का, आणि जिओचे स्वतंत्र फाइव्ह-जी चालते का?’ असे विचारा. तो गोंधळला, तर कंपनीच्या संकेतस्थळावरचा तांत्रिक तपशील तिथेच उभे राहून त्याच्या समोर उघडा.