शिकाऊ उमेदवार की स्वस्त मजूर?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की पिंपरी-चिंचवडच्या चौकाचौकांत आणि चाकणच्या रस्त्यावर एका विशिष्ट प्रकारचे फलक झळकू लागतात. परदेशात हॉटेल व्यवस्थापन शिका, शिकता शिकता कमवा आणि जमल्यास तेथेच स्थायिक व्हा, असे आमंत्रण त्यांवर असते. या आमंत्रणास प्रतिसाद देणारे पालक भोळे किंवा हावरे आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. या पट्ट्यात कारखाने पुष्कळ असले तरी कायम नोकरी दुर्मीळ झाली आहे. कंत्राटावर राबणारा थोरला मुलगा घरात डोळ्यांसमोर असता धाकट्याला निराळी वाट मिळावी, असे कोणत्या बापास वाटणार नाही? परंतु या वाटेवर जो पैसा खर्ची पडतो, तो निवृत्त कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीचा किंवा औद्योगिक वसाहतीत गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचा असतो. तो एकदाच येतो. म्हणूनच या व्यवहाराची परखड चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

हॉटेलचा व्यवसाय शिकण्यास परदेशी जावे, यात गैर काहीच नाही. या विद्येची पहिली शाळा १८९३ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे निघाली, आणि ती हॉटेलवाल्यांनी स्वतःच काढली. आपल्याकडे १९५४ मध्ये लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने मुंबईस पाकशास्त्र व खाद्यव्यवस्था शिकविणारे महाविद्यालय सुरू झाले. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली तीही त्याच वर्षी. येथील कारखानदारी आणि देशातील हॉटेल-शिक्षण ही दोन्ही अशी एकाच वयाची आहेत. यंत्रावरचे काम जसे फळ्यावर शिकविता येत नाही, तसेच पाहुण्याचे आतिथ्यही वर्गात बसून येत नाही. ते स्वयंपाकघरात, भोजनगृहात, स्वागतकक्षात हात राबवूनच येते. तेव्हा विद्यार्थ्याने काम करावे की नाही, हा प्रश्नच नाही. ते काम त्याच्या शिक्षणाचे अंग आहे, की शिक्षण हे त्याच्याकडून काम उपटण्याचे निमित्त आहे, हा खरा प्रश्न होय.

कारण फलकावरचे शब्द एकच असले तरी त्यांमागे दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. एक आहे जर्मनीतील पद्धत. तेथे हॉटेल-व्यवसायाचे प्रशिक्षण सामान्यतः तीन वर्षांचे असते. उमेदवार प्रथम एखाद्या हॉटेलाशी लेखी करार करतो, तो करार तेथील उद्योग व वाणिज्य मंडळाकडे नोंदला जातो, उमेदवार काही दिवस हॉटेलात व काही दिवस व्यवसायशाळेत शिकतो, आणि अखेरची परीक्षा हॉटेलमालक नव्हे, तर ते मंडळ घेते. सरकारी व्यवसायशाळेत फी नाही. उलट हॉटेलच उमेदवारास विद्यावेतन देते. २०२५ मध्ये सुरू झालेल्या प्रशिक्षणासाठी पहिल्या वर्षाचे किमान विद्यावेतन महिना ६८२ युरो ठरले होते. ही रक्कम ऐकण्यास मोठी वाटते, पण खोलीभाडे आणि विम्याची कपात वजा जाता हाती फार उरत नाही. शिवाय सगळे शिक्षण जर्मन भाषेत. व्हिसासाठी साधारणपणे बी-१ पातळीपर्यंतची भाषा आधी यावी लागते, आणि ती दोन-तीन महिन्यांच्या घोकंपट्टीने येत नाही. मार्ग खडतर आहे, पण तो सरळ आहे.

दुसऱ्या प्रकारात करार हॉटेलाशी नसतो, तो एखाद्या खासगी संस्थेशी किंवा तिच्या येथील दलालाशी असतो. विद्यार्थी लाखो रुपये फी भरतो, काही महिने वर्गात बसतो आणि मग ‘प्रात्यक्षिक’ म्हणून कोठल्याशा हॉटेलात बशा विसळतो व खोल्या झाडतो. शेवटी हाती येणाऱ्या पदविकेस त्या देशातील मालक विचारीत नाही आणि आपले विद्यापीठही ओळखीत नाही. पहिल्या प्रकारात व्यवसाय उमेदवारास पैसे देऊन शिकवितो, तर दुसऱ्यात उमेदवारच पैसे देऊन राबतो. दोहोंना प्रशिक्षण हे एकच नाव देणे ही फसवणुकीची पहिली पायरी आहे.

हा धोका काल्पनिक नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियाने स्वयंपाक्याच्या व्यवसायास कायम वास्तव्याच्या दृष्टीने अनुकूल ठरविले आणि मेलबर्न-सिडनीत पाककलेच्या खासगी शाळांचे पीक आले. त्या भरण्यात हिंदी विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता. वास्तव्याच्या अर्जासाठी ९०० तासांचा कामाचा अनुभव लागे. त्यापायी कित्येकांनी विनावेतन काम केले, आणि खोट्या दाखल्यांचाही बाजार भरला. पुढे २००९ पासून अनेक संस्था एकामागून एक बंद पडल्या, २०१० मध्ये सरकारने धोरण फिरविले आणि स्वयंपाकी यादीतून गळले. ज्यांनी विद्या घेतली होती त्यांची विद्या तरी उरली. ज्यांनी केवळ वास्तव्याची आशा विकत घेतली होती, त्यांच्या पदरी कर्ज तेवढे राहिले.

आपल्या सरकारांचे याबाबतीतील कर्तव्य स्पष्ट आहे. जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यास कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार महाराष्ट्राने २०२४ मध्ये केला, आणि त्यात हॉटेल-व्यवसायाचाही समावेश आहे. हेतू स्तुत्य आहे, पण अशा कराराचे मोल किती हजारांची घोषणा झाली यावर नव्हे, तर किती जण भाषा शिकून, करारपत्र हाती घेऊन तिकडे पोचले आणि परीक्षा उत्तीर्ण झाले यावर ठरते. तो हिशेब सरकारने वेळोवेळी जनतेपुढे मांडावा. दुसरे असे, की परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या दलालास १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यान्वये नोंदणी करावी लागते. परंतु जो नोकरी नव्हे तर ‘प्रवेश’ विकतो, तो या जाळ्यातून अलगद निसटतो. ‘शिका व कमवा’ म्हणणारा नेमका याच फटीत दुकान मांडून बसतो. पंजाबने २०१२ मध्ये अशा मध्यस्थांसाठी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्राने आणखी किती काळ वाट पाहावी?

आणि अखेर एक प्रश्न आमच्या औद्योगिक पट्ट्यालाच. २००९ मध्ये फोक्सवागन चाकणला आली आणि काही वर्षांतच तिच्या आवारात कारखाना व वर्ग यांची सांगड घालणारे जर्मन धर्तीचे प्रशिक्षण सुरू झाले. यंत्राच्या बाबतीत जे जमले, ते आतिथ्याच्या बाबतीत का जमू नये? परदेशी अभियंत्यांच्या वर्दळीमुळे चिंचवड व चाकणला मोठी हॉटेले उभी राहिली आहेत. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. मोरवाडीला महापालिकेची औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, ताथवड्याला हॉटेल व्यवस्थापनाचे महाविद्यालय आहे. हॉटेलवाले, महापालिका आणि शिक्षणसंस्था एकत्र आल्या, तर येथला मुलगा येथेच विद्यावेतनावर उमेदवारी करील, सायंकाळी जर्मन किंवा जपानी शिकेल, आणि मग परदेशी गेलाच तर याचक म्हणून नव्हे, कसबी माणूस म्हणून जाईल. अडचण एकच आहे, आणि ती आमच्या मनात आहे. चाकणच्या हॉटेलात ताट वाढणे आम्हांस कमीपणाचे वाटते, आणि तेच ताट परदेशी वाढले की आम्ही पेढे वाटतो!

तोवर पालकांनी पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. करार कोणाशी आहे, हॉटेलाशी की दलालाशी? पैसे कोण कोणास देणार? परीक्षा कोण घेणार आणि तिचा दाखला कोण मानणार? या तिन्हींची लेखी आणि पडताळून पाहता येतील अशी उत्तरे मिळाली, तर मुलास आनंदाने निरोप द्यावा. उत्तराऐवजी रंगीत माहितीपत्रकच पुढे आले, तर मात्र जमिनीचा मोबदला बँकेतच राहू द्यावा, हे बरे.