विश्वासू नोकर आणि खुनाची कथा

एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने १९२८ साली रहस्यकथेसाठी वीस नियम मांडले. त्यांतील एका नियमाने घरातील नोकराला खुनी ठरवण्यास मनाई केली आहे. त्याची कारणे दोन: असे उत्तर फार सोपे असते, आणि गुन्हेगार हा दखल घेण्याजोगा माणूस असला पाहिजे. पहिले कारण तंत्राचे आहे. दुसऱ्याचा मात्र तंत्राशी संबंध नाही. नोकर दखल घेण्याजोगा नसतो, हे त्यात गृहीतच धरलेले आहे. वाङ्मयीन अभिरुचीच्या नावाखाली सामाजिक उतरंड कशी निमूटपणे आत येते, याचा हा नमुना मानता येईल.

हा नियम लिहिला जाण्यापूर्वी अठ्ठावीस वर्षे न्यूयॉर्कमध्ये एक खरा खून घडला होता. विल्यम मार्श राइस हे टेक्ससमध्ये व्यापार करून धनाढ्य झालेले गृहस्थ. ह्यूस्टन येथे शिक्षणसंस्था उभारण्यासाठी त्यांनी आपली बहुतेक संपत्ती राखून ठेवली होती. वयाच्या ८४ व्या वर्षी मॅडिसन अॅव्हेन्यूवरील घरात त्यांच्या सोबतीला एकच माणूस होता, तो म्हणजे त्यांचा नोकर चार्ल्स जोन्स. मालकाची सेवाशुश्रूषा आणि पत्रव्यवहार, दोन्ही तोच सांभाळत असे. २३ सप्टेंबर १९०० रोजी झोपेत असलेल्या राइस यांच्या तोंडावर क्लोरोफॉर्मने भिजवलेले कापड ठेवून त्याने त्यांचा जीव घेतला. या कटाचा सूत्रधार होता अल्बर्ट पॅट्रिक हा वकील. राइस यांची संपत्ती स्वतःकडे वळवणारे बनावट मृत्युपत्र त्याने तयार करून ठेवले होते.

कट फसला तो एका अक्षरामुळे. दुसऱ्याच दिवशी पॅट्रिकच्या नावे पंचवीस हजार डॉलरचा धनादेश बँकेत आला. त्यावरचा मजकूर जोन्सच्या हातचा होता आणि 'अल्बर्ट' या नावातील 'ल' लिहायचा राहून गेला होता. बँकेतील कारकुनाला शंका आली आणि चौकशी सुरू झाली. मालकाची पत्रे लिहिणारा हात एवीतेवी कुणाच्या नजरेत भरला नसता. तो प्रथम दिसला तो चुकला तेव्हा.

यापुढील भाग मला अधिक विचार करायला लावतो. जोन्सने आपली जबानी अनेकदा बदलली. एकदा तर प्रत्यक्ष खून पॅट्रिकनेच केला असेही सांगितले. अखेर आपल्या हातून तो घडल्याची कबुली देऊन तो सरकारी साक्षीदार झाला. १९०२ साली पॅट्रिकला देहान्ताची शिक्षा झाली, १९०६ मध्ये ती जन्मठेपेत बदलली आणि १९१२ मध्ये त्याला माफी मिळाली. जोन्सवर मात्र खटलाच चालला नाही. तो सुटून टेक्ससला परतला. पुराव्यासाठी त्याची साक्ष सरकारला हवी होती, हे व्यावहारिक कारण मान्य. तरीही ज्याच्या हातून खून झाला तो निव्वळ साधन आणि ज्याच्या डोक्यातून तो निघाला तोच कर्ता, ही विभागणी किती सहज स्वीकारली गेली! व्हॅन डाइनचा नियम न्यायालयाने जणू आधीच पाळला होता.

यावर कुणी म्हणेल की, शिकलेल्या वकिलाने गरीब नोकराला वापरून घेतले, तेव्हा त्याच्याकडे सहानुभूतीनेच पाहायला हवे. सहानुभूती असावी, पण त्या सहानुभूतीपोटी आपण त्याची इच्छा, त्याचा लोभ, त्याची भीती, त्याचा निर्णय हे सारे पुसून टाकतो. दोषी असण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याला माणूस म्हणून पूर्ण मान्यताही मिळालेली नसते. आपल्या रंगभूमीवरील रामा गडी वर्षानुवर्षे विनोदापुरता आत-बाहेर करीत राहिला, त्यामागेही हीच वृत्ती आहे, असे मला वाटते.

'विश्वासू' हे विशेषण नेहमी मालकाने बहाल केलेले असते. त्या घरात जोन्स कुणावर विश्वास टाकू शकत होता, हे कुणी विचारले नाही. ज्या संस्थेसाठी ती संपत्ती राखली गेली ती १९१२ साली सुरू झाली आणि आज राइस विद्यापीठ म्हणून नावाजलेली आहे. कथा-कादंबरी शिकवताना आणि वाचताना चहाचा पेला ठेवून निघून जाणाऱ्या पात्रापाशी आपण थोडे थांबावे, एवढेच सुचवायचे आहे. तो खुनी निघेल म्हणून नव्हे. त्या खोलीत तोही एक माणूस आहे म्हणून.