बेथेल कुणाचं?

सिंदखेड राजाला गेलेला माणूस लखुजी जाधवांचा राजवाडा बघतो, लोणारला गेलेला दैत्यसूदनाचं देऊळ बघतो. बघायलाच हवं. पण बुलडाण्याची हद्द ओलांडून जालन्यात शिरलं की जवळच्या बेथेलचं नाव कुणी काढत नाही. काढलंच, तर ‘ते इंग्रजांचं चर्च’ एवढ्यावर विषय संपतो.

इंग्रजांचं? ते उभारणारे नारायण शेषाद्री, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण. जमीन दिली निजामाचे दिवाण सालारजंग यांनी. वस्ती झाली ती मुख्यतः मांग कुटुंबांची. मिशन परदेशी होतं हे खरं, पण तेसुद्धा स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं. यात इंग्रज शोधून दाखवा.

नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपत आपल्या इतिहासात आहे. कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं, बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करून त्याला जातीत परत घेतलं. धाकटा परतला म्हणून पुस्तकात राहिला. थोरला परतला नाही म्हणून गळाला. ही जातपंचायतीची वही झाली, इतिहास नव्हे.

आता वास्तूबद्दल. प्रेस्बिटेरियन पंथात बिशप नसतो, मंडळी आपले ‘वडील’ स्वतः निवडते. त्यांच्या चर्चची परंपराही तशीच साधी: मूर्ती नाही, वेदी नाही. समोर उपदेशाचं व्यासपीठ आणि प्रभुभोजनाचं मेज. थोडक्यात, गाभाराच नाही. पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडलं १९४७ साली, तेही साने गुरुजींनी प्राण पणाला लावल्यावर. त्याच्या कितीतरी आधी गाभारा नसलेल्या घरात पाऊल टाकणाऱ्या मांग बाईला त्या रचनेचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नसेल.

‘भाकरीसाठी धर्म सोडला,’ हा ठरलेला टोमणा. समजा, सोडला. मग लाज भाकरी घेणाऱ्याला वाटावी, की पिढ्यान्‌पिढ्या ती नाकारणाऱ्या गावाला? आणि प्रश्न फक्त भाकरीचा नव्हताच. वेद वाचायचा अधिकार नाही, मग आमचा धर्म कोणता, हे मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीनं १८५५ सालीच ‘ज्ञानोदय’मधून विचारलं होतं.

मिशनचा हेतू धर्मांतराचा होता. त्यावर खुशाल टीका करा. पण टीका करायलाही आधी नोंद लागते, आणि आपण ती नोंदच परकी ठरवून टाकली.

बेथेल या हिब्रू नावाचा अर्थ देवाचं घर. आपला ‘देऊळ’ शब्द ‘देवकुल’वरून आला. अर्थ तोच.