मुंबईचा प्लेग, एडिंबरोचे गणित आणि धर्मग्रामाची मृत्यू-नोंदवही

मुंबईत धोबी तलावाजवळ, मेट्रो सिनेमासमोर, डॉ. आकासियो व्हिएगस यांचा पुतळा आहे. वसईहून चर्चगेटला उतरून त्या बाजूने जाणारे आपले कित्येक जण तो रोज पाहतात आणि पुढे जातात. गोव्यातील हडफडे येथे जन्मलेल्या ह्या कॅथलिक डॉक्टरने सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्ण तपासून, हा साधा ताप नसून गाठीचा प्लेग आहे, असे निदान केले आणि ते महापालिकेसमोर ठामपणे मांडले. व्यापाराचे बंदर बंद पडेल म्हणून ते ऐकण्याची अनेकांची तयारी नव्हती. पुढे काय घडले ते आपल्या गावठाणांतील प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस आजही सांगतात.

वाचकहो, त्याच प्लेगच्या आकड्यांवर साथींच्या आधुनिक गणिताचा पाया घातला गेला, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. १९२७ साली एडिंबरो येथील दोन संशोधकांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांपैकी अँडरसन मॅकेंड्रिक हे भारतातील वैद्यकीय सेवेत होते. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केले होते. दुसरे विल्यम केरमॅक. वयाच्या सव्विसाव्या वर्षी प्रयोगशाळेतील अपघातात त्यांची दृष्टी कायमची गेली होती. ज्याला कागदावरचा आलेख दिसू शकत नव्हता, त्या माणसाने साथीची चढण व उतरण समीकरणात बांधून दाखविली. निबंधात एक आकृती आहे ती मुंबई बेटावरील प्लेगच्या मृत्यूंची : १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६. सुमारे तीस आठवडे. ऐन भरात आठवड्याला नऊशेच्या आसपास माणसे दगावत होती. त्या आकड्यांचे ठिपके आणि गणिताने काढलेली वक्ररेषा एकमेकांशी जवळजवळ जुळतात.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलो. गणित त्याआधीच सुटले होते. तरीही ह्या गणिताचा गाभा सामान्य वाचकाला समजण्यासारखा आहे. एखाद्या गावातील माणसांचे तीन गट करावयाचे : ज्यांना अजून लागण झालेली नाही परंतु होऊ शकते असे; आज आजारी असून इतरांना रोग देऊ शकतात असे; आणि बरे झालेले किंवा मृत्यू पावलेले. पहिल्या गटातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात माणसे किती वेगाने जातात, एवढाच प्रश्न. एक रुग्ण सरासरी किती जणांना रोग देतो, हा आकडा एकाहून थोडा जरी अधिक असला तरी साथ वाढते. थोडा जरी कमी असला तरी ती विझते. शंभर रुग्णांपासून सुरुवात करा. हा आकडा १.१ असेल तर दहा फेऱ्यांनंतर नव्या रुग्णांची संख्या सुमारे २६० होते, ०.९ असेल तर अवघी ३५. मुखपट्टी, अंतर, हात धुणे ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या उपायांचे मोल ह्या एका उदाहरणात आहे.

केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा खरा शोध त्याच्याही पुढचा आहे. साथ थांबते ती लागण होऊ शकेल असा कोणीच उरत नाही म्हणून, असा समज होता. त्यांनी दाखविले की तसे नाही. अशा माणसांची संख्या एका ठरावीक मर्यादेखाली आली की साथ ओसरू लागते आणि काही माणसे अस्पर्श राहतात. सिकंदराबाद येथे १८९७ साली डासामध्ये हिवतापाचा जंतू शोधणाऱ्या सर रोनाल्ड रॉस यांनीही हाच विचार आधी मांडला होता : प्रत्येक डास मारण्याची गरज नाही, त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी हिवताप हटतो.

परंतु ह्या मर्यादेचा एक क्रूर अर्थही आहे आणि २०२० साली तो अनेक सुशिक्षितांच्या ध्यानात आला नाही. एक रुग्ण दोघांना रोग देतो असे धरा. हजार वस्तीच्या गावात पाचशे जणांना प्रतिकारशक्ती आली की साथ उतरणीला लागते. म्हणून काही जण म्हणू लागले, ‘होऊ द्या सर्वांना, आपोआप संपेल.’ पण उतरणीला लागणे म्हणजे थांबणे नव्हे. त्या क्षणी जे आजारी असतात ते पुढेही रोग देत राहतात, आणि साथ पूर्ण विझेपर्यंत हजारांपैकी सुमारे आठशे जणांना ती गाठते. लस पूर्ण परिणामकारक असेल तर साथ येण्याआधी पाचशे जणांना ती देऊन जे साधते, ते साथीला मोकळे सोडून साधण्यासाठी आणखी तीनशे माणसे आजारात लोटावी लागतात. त्या तीनशेंत कोणाची म्हातारी आई आहे, हे समीकरण सांगत नाही.

आता ह्या शास्त्राच्या चुकांविषयी. त्या झाकण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. मुंबईच्या ज्या आकृतीने हे गणित प्रसिद्ध झाले, तीच मुळात शंकास्पद होती. प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो; माणसांतील साथ ही उंदरांतील साथीची सावली. निबंधकारांनीही ही अडचण मान्य केली होती. मुंबईत प्लेग दर वर्षी ठरावीक ऋतूत चढत असे व उन्हाळ्यासरशी उतरत असे, त्यामुळे १९०६ ची उतरण माणसे संपत आल्यामुळे नव्हे तर ऋतूमुळे झाली असणार, असे अलीकडच्या अभ्यासकांनी दाखविले आहे. रेषा जुळली, कारण जुळले नाही. आकडे जुळले म्हणजे सत्य हाती आले, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

असेच काही आपल्या डोळ्यांदेखत २०२० मध्ये घडले. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सांगितले की देशातील कोविडचे शिखर सप्टेंबरमध्येच ओलांडले गेले असून, काळजी घेतली तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ आटोक्यात येईल. समितीच्या हिशोबात तेव्हाच सुमारे तीस टक्के लोकांना लागण होऊन गेलेली होती. त्याच सुमारास झालेल्या देशव्यापी रक्तचाचण्यांत मात्र तो आकडा सात टक्क्यांच्या आसपास होता, आणि डिसेंबर-जानेवारीतील चाचण्यांतही तो पंचविशीच्या आतच राहिला. ‘काळजी घेतली तर’ ही अट आणि सणासुदीत साथ उसळण्याचा इशारा समितीच्या निवेदनात होता. मथळ्यांत राहिला फक्त ‘फेब्रुवारी’. लग्नाच्या तारखा ठरल्या, सभा भरल्या. फेब्रुवारीत अमरावती व यवतमाळकडून वाईट बातम्या येऊ लागल्या तेव्हाही पुष्कळांनी त्या अपवाद म्हणून सोडून दिल्या. पुढे ‘डेल्टा’ हे नाव मिळालेल्या विषाणूचे सर्वांत जुने नमुने ऑक्टोबर २०२० मधील, भारतातलेच आहेत. जुन्या विषाणूवर बेतलेल्या समीकरणाला नवा विषाणू ठाऊक नव्हता. मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात देशात एका दिवसात चार लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. त्या वेळी प्राणवायूच्या एका नळकांड्यासाठी रात्रभर फिरलेली माणसे प्रत्येक धर्मग्रामात आहेत.

उलट प्रकारची चूकही होते, पण तिला चूक म्हणावे का, हा प्रश्न आहे. लंडनच्या इंपिरियल कॉलेजने मार्च २०२० मध्ये म्हटले की काहीच उपाय न केल्यास ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार माणसे दगावतील. तितकी दगावली नाहीत, म्हणून त्यांची टर उडविण्यात आली. परंतु उपाय केले गेले होते. निनवे नगरी चाळीस दिवसांत नष्ट होईल, असे योनाने सांगितले. लोकांनी मार्ग बदलला, नगरी वाचली, आणि आपले बोलणे खोटे ठरले म्हणून योना रुसून बसला. हवामानाचा अंदाज ऐकून ढग आपला मार्ग बदलत नाहीत. साथीचा अंदाज ऐकून माणसे बदलतात. म्हणूनच असे गणित पंचांगासारखे वाचता येत नाही. ते ‘जर’ आणि ‘तर’ यांनी बांधलेले वाक्य आहे, आणि त्यातील ‘जर’ आधी वाचावयाचे असते.

सर्वांत मोठा ‘जर’ कोणता? गावातील प्रत्येक माणूस इतर प्रत्येकाला सारख्याच प्रमाणात भेटतो, हा. नालासोपाऱ्याच्या फलाटावर सकाळी साडेसातला उभे राहिलेल्या कोणालाही हे पटणार नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन प्रभागांत रक्तचाचण्या झाल्या तेव्हा झोपडपट्टीतील ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेल्याचे आढळले, तर इतर वस्तीत हे प्रमाण १६ टक्के होते. शहर एक, महिना एक, टाळेबंदीचा हुकूम एकच. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे आणि वीस घरांत एक शौचालय असेल, तर अंतर पाळणे हा सद्‌गुणाचा प्रश्न राहत नाही. शहराची ‘सरासरी’ घेतली की ह्या दोन मुंबई एकमेकींत मिसळून नाहीशा होतात. हुकमाने साथ आवरत नाही, हे १८९७ मध्ये पुण्यानेही पाहिले. सोजिरांकरवी घरे तपासली गेली, लोक रुग्ण लपवू लागले, आणि शेवट रँडच्या हत्येत झाला. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना मरण पावल्या.

हे सर्व इतिहासजमा झाले असे कोणी समजू नये. २०२२ च्या अखेरीस गोवंडीसारख्या वस्त्यांत गोवराची साथ आली आणि मुले दगावली. साथीच्या काळात पुष्कळ मुलांच्या लसी राहून गेल्या होत्या. गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. पंधरा धरले तर पंधरांपैकी चौदा मुले सुरक्षित असली तरच साथ थांबते. चौदापैकी दोन आयांनी ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हटले, की हिशोब मोडला.

आणि शेवटी कोणतेही गणित नोंदींवर उभे असते. १६६२ साली लंडनच्या जॉन ग्राँट यांनी मृत्यूंचा पहिला शास्त्रीय अभ्यास केला तो तेथील पॅरिशांच्या कारकुनांनी दर आठवड्याला दिलेल्या याद्यांवरून. आपल्याकडे कोविडने नेमके किती बळी घेतले, याविषयी अजूनही वाद आहे. २०२१ च्या अखेरपर्यंत सरकारी आकडा पाच लाखांच्या आत होता; जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दोन वर्षांतील अधिकचे मृत्यू सुमारे ४७ लाख असल्याचा अंदाज वर्तविला आणि भारत सरकारने ती पद्धतच अमान्य केली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी नोंदणीनुसार देशात २०२० साली सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले होते, २०२१ साली सुमारे १ कोटी २ लाख. नोंदणी सुधारली म्हणून काही वाढ झाली असेल; एका वर्षात एकवीस लाखांची वाढ तेवढ्यानेच झाली, असे आम्हांस वाटत नाही.

आमच्या हाताशी असलेल्या दफन-नोंदवहीत एप्रिल व मे २०२१ ची पाने दाट भरलेली आहेत, तरीही ती अपुरी आहेत. ज्यांचे देह इस्पितळातून थेट विद्युतदाहिनीकडे नेले गेले किंवा जे दूरच्या शहरात वारले, त्यांपैकी अनेकांची नावे त्यांच्या स्वतःच्या धर्मग्रामात कोठेच लिहिली गेलेली नाहीत. कारणाच्या रकान्यातही पुष्कळ ठिकाणी केवळ ‘ताप’ किंवा ‘श्वास’ असे आहे. ज्या कुटुंबांतील व्यक्ती त्या काळात निवर्तल्या आणि ज्यांची नोंद राहून गेली आहे, त्यांनी मृत्यूचा दाखला घेऊन आपापल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात जावे. दाखला नसल्यास तारीख व ठिकाण सांगणारे घरातील कोणी वडीलधारे माणूस बरोबर असावे.