शिफारस बदलली, पाठ बदलला का?

कृषी विस्तारात ई-पाठांची गरज आता कोणाला पटवून द्यावी लागत नाही. राष्ट्रीय कृषी नवोन्मेष प्रकल्पातून कृषी पदवीचे ई-अभ्यासक्रम तयार झाले. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने २००३ मध्ये निविष्ठा विक्रेत्यांसाठी सुरू केलेली पदविका आज प्रादेशिक भाषांतून शिकवली जाते. विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे आणि संशोधन संस्था आपापले पाठ तयार करीत आहेत. हे पाठ किती लांबीचे असावेत, मोबाइलवर कसे दिसावेत, यावर आपण पुष्कळ चर्चा करतो. परंतु एकदा तयार झालेला पाठ मूळ शास्त्रीय शिफारशीशी जोडलेला राहतो का, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण कीडनाशकाविषयीची शिळी माहिती प्रत्यक्ष शेतात आणि फवारणाऱ्याच्या अंगावर उतरते.

सध्या माझे काम कुंभकोणम परिसरात, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातकिडींवर चालू आहे. १९२२ पासून भात संशोधनाचे केंद्र असलेले आडुतुरै येथून जवळच आहे. एकाच इंग्रजी स्लाइडसंचावरून तमिळ आणि मराठी असे दोन पाठ कसे घडतात, हे या कामात जवळून पाहायला मिळते. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, पाठरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये आशय आयात करणे आणि त्याच्या सर्व प्रती परस्परांशी जुळत्या ठेवणे हे काम केवळ संगणक विभागावर सोपवून चालणार नाही. ती विषयतज्ज्ञाची जबाबदारी आहे आणि तिची पद्धत संस्थेने ठरवून द्यायला हवी.

एका शिफारशीच्या सहा प्रती

शास्त्रज्ञ आपली शिफारस पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर मांडतो. ती स्लाइड स्टोरीलाइन किंवा कॅप्टिव्हेटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आयात केली जाते. बहुतेक वेळा ही आयात म्हणजे एकदाच उतरवलेली नक्कल असते. पुढे मूळ स्लाइड बदलली तरी नक्कल बदलत नाही. कॅप्टिव्हेटच्या अनेक आवृत्त्यांत मूळ फाइलशी ‘जोडलेली’ आयात करण्याची सोय होती. मूळ फाइल बदलली की पाठ तिच्याशी जुळत नसल्याची खूण दिसे आणि एका आज्ञेने पाठ अद्ययावत करता येई. मात्र मूळ फाइल दुसऱ्या ठिकाणी हलवली की हा दुवाही निकामी होतो. आणि आपल्या कार्यालयांत फाइली पेन ड्राइव्हवरून किती फिरतात, हे वाचक जाणतातच.

पुढचा टप्पा अनुवादाचा. पाठातील मजकूर वर्ड किंवा एक्सएलआयएफएफ स्वरूपाच्या फाइलमध्ये बाहेर काढतात, अनुवादक तो मराठीत करतो आणि ती फाइल पुन्हा पाठात आयात होते. या दरम्यान मूळ पाठात एखादी ओळ वाढवली गेली, तर तिचा अनुवाद त्या फाइलमध्ये असूच शकत नाही. निवेदन स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित होते. प्रश्नपेढी बहुधा एक्सेलच्या तक्त्यातून येते. अखेरीस हे सारे एका स्कॉर्म पॅकेजमध्ये बांधून प्रशिक्षणाच्या संकेतस्थळावर चढवले जाते. हे पॅकेज म्हणजे त्या दिवशीची गोठवलेली प्रत असते.

स्लाइड, पाठाची मूळ फाइल, अनुवाद, आवाज, प्रश्नपेढी आणि पॅकेज अशा एका शिफारशीच्या सहा प्रती झाल्या. भाषा दोन झाल्या की यांतील बहुतेक प्रती दुप्पट होतात. शिफारस मात्र एकच असते, आणि ती बदलते.

जुन्या पाठाची किंमत

८ ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने केंद्र सरकारने १८ कीडनाशकांवर बंदी घातली. त्यांपैकी १२ कीडनाशकांवरील बंदी तत्काळ लागू झाली आणि उरलेल्या सहांवर ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आली. या सहांमध्ये फोरेट आणि ट्रायझोफॉस होती. भातावरील खोडकिड्यासाठी दाणेदार फोरेट हा वर्षानुवर्षे ठरलेला सल्ला होता. तो किती पाठांत, पुस्तिकांत आणि भित्तिपत्रकांत शिरलेला असेल, याची कल्पना करता येते.

बंदीनंतर इंग्रजी स्लाइड दुरुस्त करायला पाच मिनिटे लागतात. भातकिडींच्या एका पाठात मात्र मी पुढील स्थिती पाहिली. इंग्रजी स्लाइडवरून फोरेट वगळलेले होते. मराठी पडद्यावरूनही ते गेले होते. परंतु निवेदनात त्याचे नाव आणि मात्रा स्पष्ट ऐकू येत होती, आणि चाचणीत तोच पर्याय अचूक मानला जात होता. ज्याला वाचनाचा सराव कमी, तो आवाजावर विसंबतो. ज्याला प्रमाणपत्र हवे, तो चाचणीसाठी पाठांतर करतो. दोघांच्याही वाट्याला बंदी असलेले औषध आले. अद्ययावत माहिती असलेल्या विक्रेत्याला ही चाचणी नापास करणार आणि जुने पाठ केलेल्याला गुण देणार!

बदल केवळ कायद्यामुळे होत नाही. ट्रायझोफॉसच्या वापरानंतर तपकिरी तुडतुड्यांचा पुनरुद्रेक होतो, हे संशोधनातून वारंवार दिसले आहे. कोळी आणि मिरिड ढेकूण हे मित्रकीटक मरतात, आणि उरलेल्या तुडतुड्यांची प्रजननक्षमताही वाढते. इमिडाक्लोप्रिड हे याच किडीवरचे एकेकाळचे खात्रीचे औषध. २००० नंतरच्या दशकात आशियातील अनेक देशांत तिने त्याला दाद देणे सोडले. कीड स्वतः बदलत असताना तिच्यावरचा पाठ स्थिर राहू शकत नाही.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजुरांना झालेली विषबाधा महाराष्ट्र विसरलेला नाही. फवारणीविषयीच्या सल्ल्यातील एकेका शब्दाचे मोल काय असते, ते त्या हंगामाने दाखवून दिले. शेतकरी पहिला सल्ला बहुधा दुकानात विचारतो, आणि दुकानदाराचे ज्ञान आता मोठ्या प्रमाणात अशा पाठांतून येणार आहे.

फुटवा की चूड?

प्रती जुळवताना दुसरा धोका अनुवादाच्या आयातीत असतो. तपकिरी तुडतुड्यांसाठी तमिळनाडू कृषी विद्यापीठाची आर्थिक नुकसान पातळी अशी आहे: शेतात कोळी नसतील तर फुटव्यामागे एक तुडतुडा, चुडामागे एक कोळी असेल तर फुटव्यामागे दोन. आपल्याकडे मात्र चुडामागे तुडतुडे मोजण्याची सवय अधिक आहे. अनुवादकाने ‘टिलर’ला ‘चूड’ म्हटले, की एका चुडात सहज दहा-पंधरा फुटवे असल्याने पातळी तितक्याच पटीने खाली येते. मग शेतकरी गरज नसताना फवारतो, कोळी मरतात आणि तुडतुड्यांना रान मोकळे होते.

अनुवादाच्या फाइलमध्ये मजकूर तुकड्यातुकड्यांनी येतो. ‘कोळी नसताना’ ही अट एका चौकटीत आणि आकडा दुसऱ्या चौकटीत, असे अनेकदा घडते. अनुवादकाला दोहोंचा संबंध दिसत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असलेला अनुवाद शास्त्राच्या दृष्टीने चुकीचा ठरतो. म्हणूनच आयात झाल्यावर पाठ पडद्यावर चालवून पाहण्याचे काम कीटकशास्त्रज्ञानेच केले पाहिजे.

जुन्या मराठी मजकुराची आणखी एक अडचण आहे. युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये टंकलेल्या पुस्तिकांतील मजकूर आयात करताच निरर्थक अक्षरांची रांग दिसते. तमिळलाही हाच अनुभव आहे. तो मजकूर पुन्हा टंकताना आकडे आणि एकके यांची तपासणी नव्याने करावी लागते.

आपोआप समक्रमणाचा मोह

यावर एक सोपा वाटणारा उपाय सुचवला जातो. सारा आशय एका मध्यवर्ती ठिकाणी ठेवावा आणि तेथे बदल करताच सर्व भाषांतील पाठ आपोआप बदलावेत. यालाच बोलीत आपण ‘सिंक करणे’ म्हणतो. या उपायातील पहिला भाग मला मान्य आहे, दुसरा सरसकट मान्य नाही.

कुंभकोणमचा भात आणि भंडारा-गोंदियाचा भात एका दिनदर्शिकेवर वाढत नाही. येथे कुरुवै, सांबा आणि ताळडी असे भाताचे हंगाम आहेत आणि मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. पूर्व विदर्भात ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरतो. ‘पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये तुडतुड्यांची पाहणी वाढवा’ हे विदर्भासाठी योग्य वाक्य आपोआप तमिळ पाठात उतरले, तर ते येथे पावसाच्या तोंडावरच दिशाभूल करील.

किडींच्या नावांचेही तसेच. तमिळ शेतकरी गादमाशीला ‘आनैक्कोंबन’ म्हणतो, म्हणजे हत्तीचा सुळा. प्रादुर्भाव झालेला चंदेरी पोंगा त्याला तसा दिसतो. तपकिरी तुडतुड्याला तो ‘पुगैयान’ म्हणतो. त्या नावात धूर आहे, कारण शेतात जळाल्यासारखे पट्टे पडतात. ही नावे म्हणजे शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या केलेली लक्षणांची नोंद आहे. मध्यवर्ती फाइलमधील एकसाची शब्दाने ती पुसली गेली, तर पाठ अचूक राहील. पण ऐकणाऱ्याला कीड ओळखू येणार नाही.

काय करता येईल

माझे म्हणणे असे की, प्रत्येक पाठातील आशयाचे दोन थर करावेत. पहिल्या थरात कायद्याने आणि संशोधनाने ठरणारी विधाने असावीत: कीडनाशकाला त्या पिकावर लेबल क्लेम आहे की नाही, मात्रा, काढणीपूर्व प्रतीक्षा काळ, बंदीची तारीख, प्रतिकारक्षमतेविषयीचा इशारा. ही विधाने एका पिकासाठी मोजकीच असतात. ती एकाच तक्त्यात ठेवावीत. प्रत्येक विधानासमोर ते शेवटचे तपासल्याची तारीख आणि जबाबदार तज्ज्ञाचे नाव असावे. सर्व भाषांतील पाठांनी ही माहिती येथूनच घ्यावी. दुसऱ्या थरात हंगाम, वाण, लक्षणांची स्थानिक नावे, मोजणीची पद्धत आणि उदाहरणे असावीत. तो थर त्या त्या भाषेतील तज्ज्ञाच्या हाती राहावा. यंत्राने त्याला हात लावू नये.

पहिल्या थरातील विधान बदलले की त्याच दिवशी त्या विधानाचा भाग सर्व भाषांत बंद ठेवावा आणि दुरुस्त झाल्यावर उघडावा. काही दिवस पाठ अपुरा दिसला तरी हरकत नाही. बंदी असलेली शिफारस चालू राहण्यापेक्षा ते बरे. दुरुस्तीच्या यादीत पडद्यावरील मजकुरासोबत आवाज आणि प्रश्नपेढी यांचा उल्लेख सक्तीचा असावा. मात्रा आणि औषधांची नावे असलेली वाक्ये निवेदनात स्वतंत्र ध्वनिफितींत ठेवली, तर संपूर्ण निवेदन पुन्हा मुद्रित करावे लागणार नाही. जुनी पॅकेजे संकेतस्थळावरून काढून टाकावीत, आणि प्रत्येक पाठाच्या पहिल्या पडद्यावर तपासणीची तारीख ठळक दिसावी. म्हणजे मोबाइलवर उतरवून ठेवलेली प्रत किती जुनी आहे, हे शिकणाऱ्याला समजेल.

शास्त्रज्ञांवर आधीच कामाचा भार आहे, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच हे काम कोणाच्या सौजन्यावर अवलंबून ठेवू नये. पाठ तयार करण्यासाठी निधी मंजूर होतो, तसा तो पुढील काही वर्षे तपासण्यासाठीही मंजूर व्हावा आणि या तपासणीची नोंद शास्त्रज्ञाच्या वार्षिक मूल्यमापनात घेतली जावी. आज नवा पाठ तयार करणाऱ्याचे कौतुक होते. जुना पाठ वेळेवर दुरुस्त करणाऱ्याची नोंदही होत नाही.

कुंभकोणमहून तंजावर फार दूर नाही. तेथील बृहदीश्वर मंदिरात दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळात, १८०३ मध्ये, भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरलेला आहे आणि तो आजही वाचता येतो. इतिहास असाच जतन व्हावा. कीडनाशकाच्या शिफारशीला मात्र मुदत असते, आणि ती मुदत पाळण्याची व्यवस्था नसेल तर पाठ प्रसिद्ध करण्याची घाई आपण करू नये.