हिरड्याच्या रानात दोन रात्री

मंचरहून घोडेगावमार्गे पश्चिमेस निघाले की साधारण दोन तासांत भीमाशंकरचे अरण्य लागते. आपल्या कुटुंबांपैकी बहुतेकांनी ते पाहिलेले असते. पण पाहिलेले म्हणजे देवळाच्या पायऱ्या, गाड्यांची रांग आणि परतीची घाई. तेथे मुक्काम करणारे थोडे. या अरण्याची खरी ओळख मात्र मुक्कामाशिवाय होत नाही.

ज्या काळ्या पाषाणावर हे रान उभे आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. हिमालयाची उंची त्यानंतरची. अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा या वृक्षांची पाने ऐन वैशाखातही सावली सोडत नाहीत. १९८५ साली सुमारे १३० चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. परंतु आहुप्यासारख्या गावांतील देवराया त्यापूर्वी कित्येक पिढ्या कोणत्याही कायद्यावाचून टिकल्या होत्या. देवाच्या रानात कुऱ्हाड न्यायची नाही, एवढीच मर्यादा महादेव कोळी समाजाने पाळली.

आहुप्याच्या याच परिसरात घोड नदी उगम पावते. तिचे पाणी डिंभे धरणात अडते आणि कालव्यांनी आपल्या शिवारात येते. मंचरच्या बाजार समितीतील उलाढालीचा मोठा भाग या पाण्यावर पिकतो. आपल्या वह्यांत या रानाचे खाते कोठेच नसते, ही मात्र चमत्कारिक गोष्ट आहे.

हिरड्याचे खाते मात्र जुन्या पेढ्यांना ठाऊक आहे. आठळी धरण्यापूर्वी तोडून वाळवलेला बाळहिरडा औषधांसाठी जातो आणि डोंगरातील घरांत रोख पैसा आणतो. उभे झाड दरवर्षी उत्पन्न देते, तोडलेले एकदाच; हा हिशेब व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावच्या हिरड्याचे नुकसान केले, तेव्हा आदिवासी कुटुंबांची वर्षाची मिळकतच कोलमडली होती.

पहाटे स्वस्थ बसल्यास शेकरू दिसते. तांबूस अंगाची, लांब झुबकेदार शेपटीची ही मोठी खार आपल्या राज्याचा मानप्राणी आहे. ती जमिनीवर क्वचितच उतरते. तिचा सारा संसार फांद्यांवरून चालतो. म्हणून झाडे मोजून पुरत नाही, फांदीला फांदी भिडलेली असावी लागते. मध्ये रुंद मोकळा पट्टा पडला की दोन्ही बाजूंना भरपूर झाडे असूनही तिची वाट तुटते.

आता थोडे अप्रिय. अलीकडे या रानात सर्वाधिक गर्दी पावसाळ्यात होते. कुजलेल्या लाकडावरील बुरशी रात्री मंद हिरवट उजेड देते. ते पाहण्यासाठी विजेऱ्या घेतलेले जथे अंधारात हिंडतात. दृश्य विलक्षण खरेच. परंतु त्याच दिवसांत रानाची भुई सर्वाधिक जिवंत असते: कोंब, गोगलगायी, बेडूक, खेकडे, असंख्य कीटक. आपले साधू-साध्वी नेमक्या याच कारणास्तव चातुर्मासात विहार थांबवतात. त्यांना वंदन करून आलेल्या गाड्या शनिवारी घाटाकडे वळाव्यात, हे जयणेच्या कोणत्या अर्थात बसते? मला विचाराल तर तो उजेड न पाहिलेलाच बरा.

कार्तिक पौर्णिमेनंतर जावे. वाटा कोरड्या असतात, हवा निवळ असते, आणि दोन रात्री राहिल्यास मुलांना अंधाराची सवय होते. महाशिवरात्रीचे दिवस तेवढे टाळावेत. आजूबाजूच्या गावांत घरगुती मुक्कामाची सोय होते. चौविहार असेल तर आधीच कळवावे. सूर्यास्तापूर्वी जेवण मिळते. कांदा-बटाट्याशिवाय काय, ही चिंता नको. नाचणीची भाकरी, भात, डाळ, खुरासणीची चटणी, एवढ्यावर उत्तम भागते. नेलेल्या फरसाणाच्या पिशव्या परत आणाव्यात, माकडांना काही घालू नये.

आणि मुक्कामाच्या पैशांत घासाघीस करू नये. त्या घरी वाळवलेला हिरडा विकायला असेल तर थोडा घ्यावा, आणि त्याचा भाव त्यांनाच सांगू द्यावा.